घमेल्यातलं कासव आणि दत्तक घेतलेलं कासव

श्रोतेहो, पाळीव प्राण्यांविषयी बोलायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुत्रा येतो, मांजर येतं, फार तर पिंजऱ्यातला पोपट येतो. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो, तो भाग वेगळा. पण ज्याच्या अंगावर केस नाहीत, पिसं नाहीत, जो हाक मारली तर शेपूट हलवत नाही, अशा प्राण्याचा विषय सहसा निघत नाही. आज मला त्याच्याविषयीच बोलायचं आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी, आणि त्यातही कासवाविषयी.

कोणत्याही जिल्ह्याच्या गावी शोभेचे मासे विकणारं एखादं तरी दुकान असतं. रंगीत माशांच्या काचपेट्यांखाली, गल्ल्याजवळ, बऱ्याचदा प्लास्टिकचं एक घमेलं ठेवलेलं असतं. त्यात दोन बोटं पाणी आणि त्या पाण्यात जुन्या रुपयाएवढी हिरवीगार पिल्लं. एकमेकांच्या पाठीवर चढतात, घसरतात, पुन्हा चढतात. प्रत्येकाच्या डोळ्यामागे लाल रंगाची एक रेघ, जणू कुणी कुंकवाचं बोट ओढलंय. शाळेतून येणारं पोर तिथं थांबतं आणि बापाचा हात ओढतं. बापाला वाटतं, कुत्र्यासारखं भुंकणार नाही, मांजरासारखं दूध सांडणार नाही, काय हरकत आहे? शिवाय कासव घरात असलं की पैसा येतो, असं कुणीतरी सांगितलेलं असतंच. सौदा होतो आणि पिल्लू पाण्याच्या पिशवीत बसून घरी येतं.

हे पिल्लू आपल्याकडचं नाही. त्याला इंग्रजीत रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. ती लाल रेघ काही कान नव्हे. कासवाला बाहेरून दिसणारा कान नसतोच. आणि स्लायडर म्हणजे घसरणारा. ओंडक्यावर ऊन खात बसलेलं हे कासव चाहूल लागताच सुळकन पाण्यात घसरतं, म्हणून हे नाव. त्याचा मूळ मुलूख म्हणजे अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं आणि त्याला लागून असलेला मेक्सिकोचा ईशान्य भाग. लुइझियाना राज्यात या कासवांची शेतीच चालते. तळ्यांत माद्या ठेवायच्या, अंडी गोळा करायची, उबवायची आणि पिल्लं जगभर पाठवायची.

यातली गंमत पाहा. ज्याचं कवच ४ इंचांपेक्षा लहान आहे, असं कासव पाळण्यासाठी विकायला खुद्द अमेरिकेत १९७५ पासून बंदी आहे. कारण लहान मुलं ही पिल्लं हाताळायची, तोंडात घालायची आणि कासवाच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंमुळे आजारी पडायची. आपल्या मुलांना जे धोक्याचं वाटलं ते घरात विकायचं नाही असं ठरलं, पण बाहेर पाठवायला मोकळीक राहिली. पुढं १९९०च्या सुमारास निन्जा टर्टल्सच्या चित्रपटांनी आणि कार्टूननी पोरांना वेड लावलं आणि ही पिल्लं देशोदेशी खपली. पोरांचं वेड ओसरलं, कासवं वाढत राहिली. लोकांनी ती नदीत, तळ्यात, बागेतल्या हौदात सोडून दिली. युरोपीय महासंघानं १९९७मध्ये त्यांची आयात बंद केली. २०००मध्ये जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींची यादी प्रसिद्ध झाली, तीत या कासवाचं नाव आलं. आपल्याकडं मात्र थायलंड-मलेशियाकडून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत ही पिल्लं सापडल्याच्या बातम्या विमानतळांवरून अजून येतात. मोज्यांत, डब्यांत, एकावर एक कोंबलेली.

आता घरी आलेल्या पिल्लाकडं वळू. दुकानदार पिल्लाबरोबर तीन वाक्यं फुकट देतो. पहिलं, हे जास्त वाढत नाही, भांडं लहान असलं की लहानच राहतं. दुसरं, चिमूटभर खाद्य टाका, बास. तिसरं, याला काही लागत नाही. तिन्ही वाक्यं खोटी आहेत. भांड्याच्या मापानं कासव वाढत नाही. लहान भांड्यात ते आजारी पडतं आणि मरतं. मरणाला आपण मापात राहणं म्हणतो. जे जगतं, ते वाढतं. मादी तर २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. तिला तीनशे-चारशे लिटर पाण्याची टाकी लागते. घाण पुष्कळ करते, म्हणून चांगला फिल्टर लागतो. पाण्याबाहेर येऊन अंग कोरडं करायला उबदार जागा लागते. ऊन लागतं, आणि तेही खरं ऊन. बंद खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कासवाच्या कामाचं नसतं, कारण उन्हातल्या ज्या अदृश्य किरणांमुळं त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं ते किरण काच अडवते. तसं ऊन मिळालं नाही की कवच मऊ पडतं, वेडंवाकडं होतं. नुसत्या वाळवलेल्या झिंग्यांवर ठेवलं की अ जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात, मिटतात. डोळे मिटलेलं कासव खात नाही. घरातले म्हणतात, झोपलंय.

आणि कवच म्हणजे कासवाचं घर, हेही आपण पोरांना चुकीचं शिकवतो. घर सोडून बाहेर पडता येतं. कवच म्हणजे त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणाच आहे. बोटानं स्पर्श केला तर त्याला कळतो. त्यावर रंगानं नाव लिहिणारे, भोक पाडून दोरी बांधणारे लोक असतात. त्यांनी आपल्या पाठीवर हात फिरवून विचार करावा.

चार-पाच वर्षं जातात. पोरगं आठवी-नववीत जातं, क्लास सुरू होतात. कासव आता परातीत मावत नाही. पाण्याला वास येतो. पाहुणे नाक मुरडतात. आणि ज्याला आपण गोगलगाय समजलो होतो त्या जिवाचं आयुष्य वीस, तीस, कधी चाळीस वर्षांचं असतं, हे तेव्हा कळतं. मग घरातलं कुणीतरी शहाणं माणूस म्हणतं, तळ्यात सोडून देऊ, पुण्य लागेल.

श्रोतेहो, माझा जीव अडकतो तो या पुण्याच्या कल्पनेत. आपल्याकडं कासवाला मान आहे. शंकराच्या देवळात नंदीच्या पुढ्यात दगडाचं कासव असतं, त्याला नमस्कार करून माणूस आत जातो. जुन्या विहिरींत मुद्दाम कासव सोडायचे, पाणी स्वच्छ राहतं म्हणून. पण ते कासव आपल्याच ओढ्यातलं, आपल्याच मातीतलं असायचं. हे परकं कासव आपल्या तळ्यात गेलं की आपल्या कासवांच्या ऊन खायच्या जागा बळकावतं, त्यांचं खाणं खातं, आणि जे आजार आपल्या कासवांनी कधी पाहिले नाहीत ते सोबत नेऊ शकतं. गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या सरोवरात आणि तिथल्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात हे कासव सापडलं, तेव्हा अभ्यासक हादरले. कारण ईशान्य भारत हा आपल्या देशी कासवांचा मोठा आसरा आहे. कुणीतरी पुण्य म्हणूनच सोडलं असेल ते.

म्हणजे ठेवता येत नाही, सोडता येत नाही, मारवत नाही. मग या नकोशा कासवांचं करायचं काय? आणि पोराला खरोखरच कासव पाळायचं असेल, तर आणायचं कुठून? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून तर मी आज बोलायला बसलो. विकत घेऊ नका. कुणाला तरी नकोसं झालेलं, कुणीतरी सोडवून आणलेलं कासव दत्तक घ्या.

यात भावनेपेक्षा हिशेब जास्त आहे. घमेल्यातून तुम्ही एक पिल्लू उचललंत की तिथं एक जागा रिकामी होते. दुकानदार ती जागा रिकामी ठेवणार नाही. तो पुढच्या फेरीत एक पिल्लू जास्त मागवतो. तुम्ही दया येऊन त्यातलं मरतुकडं पिल्लू विकत घेतलंत तरी दुकानदाराच्या वहीत दया या नावाचं खातं नसतं. तिथं फक्त खप असतो. याउलट शेजारच्या गल्लीतल्या घरात नकोशा झालेल्या कासवाला तुम्ही आपल्या घरी नेलंत, तर कुठंही नवं पिल्लू मागवलं जात नाही. उलट तळ्यात जाणारं एक कासव थांबतं.

जपाननं हाच हिशेब कायद्यात बसवला. तिथं घरोघरी ही कासवं होती. सरसकट बंदी घातली तर लोक घाबरून रातोरात ती नदीत सोडतील, अशी भीती होती. म्हणून १ जून २०२३पासून तिथं आयात बंद, विक्री बंद, सोडून देणं तर मोठा गुन्हा. पण जे आहे ते पाळायला मोकळीक, आणि कुणाला फुकट द्यायलाही मोकळीक. विकायचं नाही, द्यायचं. मला हा कायदा वाचताना आपला दत्तक हा शब्द आठवला. दत्त म्हणजे दिलेलं. विकलेलं नव्हे. आपल्या भाषेला हा फरक किती जुन्या काळापासून ठाऊक आहे!

आमच्या घरी एक कासव आहे, म्हणून हे सगळं बोलायचा मला थोडाफार अधिकार. आम्ही सोलापूरला राहतो. शेजारी बँकेतले एक अधिकारी राहत होते. त्यांची बदली नागपूरला झाली. सामान बांधणं चालू होतं, आणि त्यांच्या सौभाग्यवती आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "भाई, राजाचं काय करायचं? हे म्हणतात सिद्धेश्वर तलावात सोडू. मुलगा दोन दिवस जेवला नाही." राजा म्हणजे त्यांचं कासव. मुलगा तिसरीत असताना आणलेलं, आणि मुलगा आता बारावीत. नऊ वर्षं त्या बाईनंच त्याचं पाणी बदललं होतं.

आमच्या घरात सभा भरली. माझ्या बेगमचं म्हणणं सरळ होतं, "पाणी कोण बदलणार ते आधी सांगा." सोलापुरात पाणी किती जपून वापरावं लागतं, ते सोलापूरकरालाच माहीत. शेवटी करार झाला. पाणी मी बदलायचं आणि कासवाचं जुनं पाणी गटारात न ओतता झाडांना घालायचं. तो करार आजतागायत पाळला जातोय. आमच्या मोगऱ्याला आणि जास्वंदीला तेव्हापासून जो बहर आला, तो पाहून गल्लीतल्या बायका खताचं नाव विचारतात.

राजा आला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं पाण्यात चार अंडी घातली. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात, याची बघा, आखूड आहेत. ही मादी आहे. नर नसतानाही ती अंडी घालू शकते, फक्त ती फळत नाहीत. तिला मातीचा एक कोपरा करून द्या, नाहीतर अंडी पोटात अडकतील. नागपूरला फोन करून मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, नाव बदलू नका पण." तेव्हा नाव राजाच राहिलं. गच्चीवर एक जुना सिमेंटचा हौद होता, त्याला अर्ध्यावर सावली केली, चढायला फरशीचा उतार केला, एका बाजूला मातीचा वाफा. त्यात जेवढा खर्च झाला तेवढ्यात घमेल्यातली पंचवीस पिल्लं आली असती. दत्तक म्हणजे फुकट, असं समजून कुणी येत असेल तर त्याला मी इथंच थांबवतो.

पण मोठं कासव दत्तक घेण्यात एक सोयही आहे. ते जेवढं व्हायचं तेवढं जवळजवळ झालेलं असतं. ते केवढं आहे, काय खातं, चावतं का, आजारी आहे का, हे आधी कळतं. पिल्लू घेणारा माणूस अंधारात उडी मारतो. मोठं घेणारा निदान विहिरीचा तळ बघून उतरतो.

तरी एक हिशेब राहतोच, आणि तो माझा स्वतःचा आहे. राजा आता अकरा वर्षांचा आहे, म्हणजे अकरा वर्षांची. मी सत्तावन्नचा. ती पस्तीस वर्षं जगली, तर तेव्हा मी एक्क्याऐंशीचा असेन, असलोच तर. एके रात्री हा हिशेब कागदावर मांडला आणि बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसलो. कवी माणसाच्या वसीयतनाम्यात असून असून काय असणार? चार कपाटं पुस्तकं आणि एक जुनं घर. पण त्यात मी आता एक ओळ घातली आहे. राजाला धाकटी मुलगी नेईल. मुलगी पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. मी तिला आधी विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अब्बा, बाल्कनीत ऊन किती येतं ते बघून सांगते." दोन दिवस तिनं सकाळ-दुपार बाल्कनी पाहिली आणि मग हो म्हणाली. मला तिचा होकार जितका आवडला, त्याहून ते दोन दिवस जास्त आवडले.

आमची दादी लहानपणी एक गोष्ट सांगायची. मुसलमान घरांत ती सगळ्यांना ठाऊक असते. एका बाईनं मांजर बांधून ठेवलं. स्वतः खायला घातलं नाही आणि मोकळंही सोडलं नाही, की ते आपलं आपण काही शोधून खाईल. त्या एका गोष्टीपायी ती बाई दोजखात गेली. दादी गोष्ट संपवून म्हणायची, बांधलंस तर जबाबदारी तुझी. मला त्या वयात दोजखाची भीती वाटायची. आता वाटतं, गोष्ट दोरीची आहे. दोरी कुणी बांधली याला महत्त्व नाही, आज ती कुणाच्या हातात आहे याला आहे. राजाला मिसिसिपीहून आम्ही आणलं नाही. पण दोरी आता आमच्या हातात आहे.

इथं एक फार महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे, ती नीट ऐका. हे सगळं मी बोललो ते परक्या कासवाविषयी. आपल्या देशी कासवाला दत्तक घेता येत नाही. विकत घेता येत नाही, भेट घेता येत नाही, रस्त्यात सापडलं म्हणून घरी ठेवताही येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तशी परवानगी देत नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, घुमटाच्या आकाराचं तारांकित कासव तुम्ही पाहिलं असेल. शुभ म्हणून ते चोरून विकलं जातं. त्याची तस्करी इतकी वाढली की २०१९मध्ये जिनिव्हाला वन्यजीव व्यापारावरच्या साइट्स कराराच्या बैठकीत त्याला सर्वांत कडक यादीत घालण्यात आलं. आपल्या कायद्यातही २०२२च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरात ठेवलं तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पुन्हा, हे कासव जमिनीवरचं, कोरड्या माळाचं. शुभ म्हणून आणलेलं हे कासव लोक पाण्याच्या टबात ठेवतात आणि न्यूमोनियानं मारतात. मांडूळ नावाच्या बिचाऱ्या सापाचीही तीच कथा. उंदीर खाणारा, बिनविषारी, शेतकऱ्याचा दोस्त. त्याला दुतोंड्या म्हणून, गुप्तधन दाखवतो म्हणून लाखांच्या गप्पा मारत पोत्यात घालतात.

असा देशी प्राणी कुणाच्या घरात दिसला, किंवा तुमच्याच घरात कुणी शुभ म्हणून आणून ठेवला असेल, तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आपल्या मनानं जवळच्या रानात सोडू नका. तो कुठल्या रानातला आहे, त्याला काही आजार आहे का, हे जाणकारांनी पाहिल्याशिवाय सोडला, तर त्याचं आणि त्या रानातल्या त्याच्या भावंडांचंही नुकसान होतं. इथं प्रेमाची परीक्षा देण्यात आहे, ठेवण्यात नाही.

आणि तरीही मगरीवर, अजगरावर, देशी कासवावर तुमचा जीव असेलच, तर त्याचाही मार्ग आहे. चेन्नईजवळ रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६मध्ये मद्रास क्रोकोडाइल बँक उभी केली. तिथं मगर किंवा कासव नावावर दत्तक घेता येतं. प्राणी तिथंच राहतो, त्याच्या खाण्यापिण्याच्या खर्चाचा वाटा तुम्ही उचलता. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयातही अशी योजना आहे. पोराच्या वाढदिवसाला घमेल्यातल्या पिल्लाऐवजी असा एक कागद द्या. तो कागद वास मारत नाही आणि त्याला तळ्यात सोडावं लागत नाही.

परदेशी इग्वाना, बॉल पायथन असे प्राणी पाळणारेही आता शहरांत पुष्कळ झालेत. तेही नकोसे होतात आणि तेही दत्तक दिले जातात. पण त्यांच्याबाबत एक कागद तपासा. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारनं नियम काढले. साइट्स कराराच्या यादीतला परदेशी प्राणी ज्याच्याकडं असेल त्यानं परिवेश या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद करायची आणि तो दुसऱ्याला दिला तर तेही कळवायचं. इग्वाना आणि बॉल पायथन या यादीत आहेत. नोंद नसलेला प्राणी कुणी प्रेमानं पुढं केला, तरी हात मागं घ्या. तो चोरवाटेनं आलेला असू शकतो.

आता दत्तक घ्यायचंच असेल तर काय पाहायचं, ते थोडक्यात सांगतो. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना आणि प्राणी सोडवणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना विचारा. त्यांच्याकडं नकोशा स्लायडर कासवांचे निरोप येत असतात. कासव बघायला जाल तेव्हा डोळे उघडे आहेत का, नाकातून पाणी येतं का, कवच टणक आहे का, पोहताना एका बाजूला कलतं का, हे पाहा. आधीचा मालक काय खायला घालत होता ते विचारा. लहानपणी ही कासवं मांसाहारी असतात, मोठेपणी पालापाचोळा जास्त खातात, तेव्हा पालेभाजीची सवय लावा. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, तर ते मोठं होईपर्यंत थांबा. कासवाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा. त्याची टाकी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका. आणि सगळ्यांत आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, पाणी कोण बदलणार? या प्रश्नाचं उत्तर पोर देत असेल, तर ते उत्तर धरू नका. मोठ्या माणसानं दिलं तरच पुढं जा.

कुणी म्हणेल, एवढं करून कासव तुम्हाला देतं काय? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. राजा मला ओळखतो म्हणजे खाणं देणारा हात ओळखतो. सकाळी मी गच्चीवर गेलो की मान लांब करून पोहत येतो. ते प्रेम नाही, ती भूक आहे. पण भूक भागल्यावर तो उतारावर चढतो, मागचे पाय ताणून, बोटं फाकवून उन्हात पडतो, डोळे मिटतो. एका जिवाला आपल्यापासून भीती वाटत नाही, एवढंच ते दृश्य सांगतं. मला तेवढं पुरतं. ज्याला पुरणार नाही त्यानं कुत्रा पाळावा, आणि तोही रस्त्यावरून उचलून.

आणि कुणी असंही म्हणेल की, हौद मोठा केला तरी हा तुरुंगच की. म्हणणं खरं आहे. मिसिसिपीच्या ओंडक्यावरचं ऊन सोलापूरच्या गच्चीवर मिळत नाही. पण त्याला परत पाठवण्याचा रस्ता उरलेला नाही आणि आपल्या तळ्यात सोडण्याचा हक्क आपल्याला नाही. जे आधीच पकडले गेलेत त्यांना नीट सांभाळायचं आणि नवे पकडले जाणार नाहीत असं वागायचं, एवढंच आपल्या हातात आहे. दत्तक घेतल्यानं ही दोन्ही कामं एकदम होतात. विकत घेतल्यानं दोन्ही बिघडतात.

तेव्हा येत्या रविवारी बाजारात तुमचं पोर त्या घमेल्यापाशी थांबेल, तेव्हा त्याला रागावू नका. त्याला खाली बसू द्या, ती लाल रेघ बघू द्या. मग सांगा की आपल्याच गावात कुणाच्या तरी घरी हेच पिल्लू मोठं होऊन बसलंय आणि त्या घरचे लोक त्याला कुठं सोडावं याचा विचार करताहेत. आपण त्यांना जाऊन भेटू. आणि भेटायला जायच्या आधी, तुमच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत ऊन किती येतं, ते दोन दिवस बघून ठेवा.